तुझ्या मापाचे जोडे

नामा, मी तुझ्यावर चिडलेलो आहे हे आधीच सांगून टाकतो. तू गेल्यापासून गावात सगळे तुझं नाव घेताना आवाज खाली आणतात, तुझ्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगतात. मला ते जमत नाही. मला तुझी गचांडी धरून विचारायचंय की काटा कोणता आणि साप कोणता, हे तुला कळू नये? शेतात जन्म गेला तुझा. वांग्याच्या वाफ्यात रांगलास. पायात कुठल्या झाडाचा काटा मोडला ते न बघता सांगणारा तू.

गचांडी धरायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. शाळा सुटली की जीव कासावीस होतो. ऊन उतरायची ती वेळ आपली सडकेवर जायची. आता त्या वेळेला मी खोलीचं दार लावून बसतो. सडकेवरून कुणाच्या सायकलीची घंटी वाजली तरी अंगावर येते.

मी देऊळगाव राजाहून बदली होऊन तुमच्या धाड गावी आलो, तेव्हा गावात माझ्याशी पहिल्यांदा बोललास तो तू. बोललास म्हणजे काय, माझ्या सायकलीकडे बघून हसलास. "मास्तर, मडगार्ड कायले ठेवलं बे? पोरगी पाह्यले जाऊन राह्यले का?" नव्या मास्तरला पहिल्याच दिवशी बे म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मला राग आला आणि संध्याकाळी मी तुझ्याच घरी पाना घेऊन बसलो होतो. दोघांच्या सायकलींचे मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, कॅरियर, सगळं उतरवलं. भाजीची टोपली कॅरियरवर बांधून बुलढाण्याच्या बाजाराला जाणारा तू. त्या दिवसापासून टोपली डोक्यावर घेऊन एस.टी.नं जायला लागलास, पण कॅरियर पुन्हा बसवलं नाहीस. शेवंता वहिनी म्हणाल्या, "सायकल उघडी अन् मानूस लदलेला, असं पाह्यलं नव्हतं बाई!"

नवं राज्य झाल्यावर आमच्या देऊळगावात बालाजीच्या यात्रेच्या दिवसांत सायकलींची शर्यत सुरू झाली होती, तिचं वेड मीच तुझ्या डोक्यात घातलं. पहिल्या वर्षी तू पुढे होतास. चिखलीच्या अलीकडच्या चढावर बारीक पाऊस आला, रबरी पेडलवरून तुझी चप्पल सटकली आणि नडगी सोलून निघाली. तू उठेपर्यंत जालन्याकडची पोरं पुढे निघून गेली. घरी येताना तू नडगीबद्दल एक शब्द बोलला नाहीस. एवढंच म्हणालास, "मास्तर, पाय सुटला तं सायकल कितीही चांगली असली तरी काय फायदा?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, आणि आता ते मी एकट्यानं कसं संपवू?

तुझा मावसभाऊ लष्करात. सुटीवर येताना त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून पेडलची एक जोडी आणली. लोखंडी, दातेरी, पुढे पोलादी आकडा आणि आकड्यातून चामड्याचा पट्टा. पाय आत घालायचा, पट्टा ओढायचा, की पाय पेडलचाच झाला. मी म्हणालो, "बैलाला दावं बांधतात तसं झालं हे. पडलास तर सोडवणार कोण?" तू म्हणालास, "बैल दाव्यानं नाई, जुवानं चालते मास्तर. जू नसन तं वढन कसा?" पाय खाली जाताना सगळेच जोर लावतात, वर येताना तो फुकट येतो, बांधला तर वर येतानाही ओढता येतो, हे तू ओसरीवर पालथा पडून, पाय हवेत फिरवून मला समजावलंस. माय आतून ओरडली, "झटका आला का काय पोराले?"

मग जोडे. चपला आकड्यात बसेनात. कॅनव्हासचे बूट घेतलेस, तर तळ इतका मऊ की पेडलचे दाते थेट तळव्यात. शेवटी बुलढाण्याच्या बाजारातल्या शिवराम चांभारापुढे आपण दोघं बसलो आणि त्याचं डोकं खाल्लं. तळ जाड हवा, वाकता कामा नये. वरून मऊ हवा, बोटं चेंगरता कामा नयेत. तळाला खाच असलेली लोखंडी पत्री ठोकायची, खाचेत पेडलची कड बसली पाहिजे. पत्री लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेच्या तुकड्याची करून आणली होती. पण ती ठोकायची कुठं? तू ते जोडे पत्रीशिवाय घालून धाडपर्यंत सायकल मारलीस. तळाच्या कातड्यावर पेडलच्या दात्यांचे वळ उमटले आणि त्या वळावर पत्री ठेवून शिवरामनं खुणा केल्या. डाव्या पायाचा वळ तिरका आला. तुझा डावा पाय लहानपणापासून बाहेर फाकतो. शिवराम म्हणे मी वाकडं काम करत नाही, आणि त्यानं पत्री सरळ ठोकली. आठवडाभर तू गुडघा धरून लंगडत होतास. मग परत जाऊन वाकडी ठोकून घेतलीस आणि गुडघा थांबला. मी तुझी थट्टा करत होतो, पण खरं सांगतो, एखादी गोष्ट आपल्या पायाला बसेपर्यंत तिच्यामागे लागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शाळेत पोरांवर ओरडताना मला तुझं ते खुणा करत बसणं आठवायचं आणि माझा आवाज खाली यायचा. हे तुला कधी सांगितलं नाही.

बांधलेल्या पायांनी तू पहिल्यांदा आठवडी बाजारातून गेलास तो दिवस आठवतो? पुढे बैलगाडी आडवी आली. तू ब्रेक दाबलास, सायकल थांबली, पाय काही सुटेना. उभ्या सायकलीसकट तू हळूहळू कांद्याच्या ढिगाऱ्यावर कलंडलास. कांदेवाली म्हणाली, "आरं, उतर की मुडद्या!" आणि तू आडवा पडून म्हणालास, "उतरूनच राह्यलो मावशी, पट्टा निघू दे." मी रस्त्याच्या कडेला बसून हसत होतो. त्यानंतर मला हा मुद्दाच मिळाला. पट्टा ढिला ठेव, पडताना पाय सुटला पाहिजे, असं मी रोज म्हणायचो. ढिला पट्टा म्हणजे नसलेला पट्टा, असं तू रोज म्हणायचास.

त्या जोड्यांत चालता मात्र येत नव्हतं. दगडावर पत्री घसरायची, शेतात खाचेत चिखल बसायचा आणि मग ती पेडलवर चढायची नाही. म्हणून शेतातून निघताना तू सायकल खांद्यावर घ्यायचास, जोडे नाडीनं बांधून गळ्यात अडकवायचास आणि बांधावरून अनवाणी डांबरी सडकेपर्यंत यायचास. चपलाही घालायचा नाहीस, कारण सडकेवर आल्यावर त्या ठेवायच्या कुठं? वहिनी हसायच्या, "लेकरू गयात घालून फिरावं तसे फिरतेत." सडकेच्या कडेला पाय झटकून, धोतराच्या सोग्यानं पुसून जोडे घालायचे, पट्टे ओढायचे आणि सुटायचं. जोडे कसे लखलखीत राहिले होते तुझे. भादव्यातसुद्धा त्यांना चिखलाचा ठिपका नसायचा.

त्या संध्याकाळी मी लिंबाखाली थांबलो होतो. तू तुरीतून बांधावर आलास, गळ्यात जोडे. आलास तो डावा पाय झटकतच. मी विचारलं काय झालं. "काटा गेला बे. बाभयीचा असन. घरी गेल्यावर काढू." आणि पाय पुसून तू जोडा चढवलास, नाडी बांधलीस, पट्टा ओढलास. मी तुझा पाय पाहिला नाही, कारण पाहायच्या आत तो कातड्याच्या आत गेला होता. आपण बुलढाण्याच्या बाजूला निघालो.

थोडं पुढे गेल्यावर तू म्हणालास, "आज पट्टा लयच आवयला गेला. पाय बधिर होऊन राह्यला."

मी म्हणालो, "मी रोज काय सांगतो?"

"ढिला केला तं जोर कुठून येईन?"

"मग बस बधिर पाय घेऊन."

आणखी थोडं पुढे गेल्यावर म्हणालास, पोटरीत कळ येतेय. मी म्हणालो, रक्त अडलंय, पट्टा सोड. तू हट्टानं सोडला नाहीस. मला आनंद होत होता, नामा. इतक्या दिवसांनी भांडण माझ्या बाजूला झुकलं होतं. जगात दुसरी कुणी दोन माणसं असती तर पायाला बधिरपणा आला म्हणून थांबली असती, पाय उघडून पाहिला असता. आपण पट्ट्यावर वाद घालत पेडल मारत राहिलो. विष चढत होतं आणि आपण जोराचा हिशेब करत होतो. या दुःखात मला कुणी वाटेकरी नाही, कारण हे कुणाला सांगितलं तर समजणारच नाही. ज्याला समजलं असतं तो एकटा तू.

चढावर तू वाकडातिकडा व्हायला लागलास. "मास्तर, डोये जड होऊन राह्यले." आणि पडलास. पाय पट्ट्यात तसेच, सायकल अंगावर. पडताना पाय सुटत नाही हे माझं म्हणणं त्या चढावर खरं झालं. आग लागो त्या खरं होण्याला. मी पट्टे सोडवले, डावा जोडा ओढला, तो निघेना, नाडी दातानं तोडली. पाऊल सुजून फुगलं होतं. घोट्याखाली दोन ठिपके. तू त्यांच्याकडे बघितलंस आणि अगदी शांत आवाजात म्हणालास, "हा काटा नाई बे."

सडकेवर कुणी नव्हतं. गाव मागे राहिलं होतं, बुलढाणा पुढे होतं. दोन सायकली होत्या आणि एकीलाही कॅरियर नव्हतं. तुला बसवायचं कुठं? पत्री घसरू नये म्हणून मी तुझा दुसरा जोडाही काढला, तुला माझ्या सायकलीच्या दांडीवर बसवलं, माझा पंचा तुझ्या छातीला गुंडाळून माझ्या अंगाशी बांधला आणि पेडल मारायला लागलो. इतका जोर मी आयुष्यात कधी लावला नव्हता, आणि सायकल जागची हलत नव्हती. तुझं डोकं माझ्या दंडावर डुलत होतं. मी बोलत होतो, काहीही बोलत होतो, यात्रा, शर्यत, जालन्याची पोरं, फक्त तू झोपू नयेस म्हणून. तुझी जीभ जड झाली होती. तरी तू म्हणालास, "जोडे सडकंवरच राह्यले बे."

मी ओरडलो, "गेले खड्ड्यात तुझे जोडे!"

त्यानंतर तू बोललाच नाहीस. मागून एक जीप आली, त्यांनी आपल्या दोघांना उचललं, दवाखाना आला, डॉक्टर धावत आले. पण तू जीपमध्येच गेला होतास, माझ्या मांडीवर, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते. खड्ड्यात. माझ्या तोंडातून दुसरं काही का निघालं नाही?

जोडे गावातल्या कुणीतरी सडकेवरून उचलून घरी आणून दिले. सायकल माझ्याकडे आणून टेकवली. एके दिवशी राहवेना, म्हणून मी तुझ्या सायकलीवर बसलो, माझे कॅनव्हासचे बूट आकड्यात घातले आणि पट्टा तू ओढायचास तसा पूर्ण ओढला. त्याच चढावर गेलो. नामा, तुझं बरोबर होतं. पाय वर येताना सायकल उचलल्यासारखी पुढे जाते. ढिल्या पट्ट्यानं ते होत नाही. मी वर पोचलो, मैलाचा दगड धरून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो की तुझं बरोबर होतं. शेतातली एक बाई मान वर करून बघायला लागली. मग वाकून पट्टे सोडवले. यात्रा जवळ आली आहे. मी जाणार नाही.

यातलं तुझ्या घरी काहीच बोललो नाही. घरी वेगळंच चाललं होतं. माय जेवत नव्हती. तुझ्या पाठच्या भावानं हातापाया पडून पाहिलं, वहिनींनी घास हातात धरून पाहिला. माय एकच म्हणायची, "माहा नामा अनवानी गेला. थ्या वाटनं तापलेली रेती असते म्हन्तेत. काटे असतेत. त्याच्या पायात काई नाई." तेरवीला, तेराव्या दिवशी, ब्राह्मणाला जोडे आणि छत्री दान द्यायची असते, ती गेलेल्या माणसाला वाटेत मिळते. वहिनी म्हणाल्या, "त्याइचेच द्या. त्याइले दुसरे आवडनार नाईत." माय उसळली, "थ्याच्यात चालता येते का? थ्याच्यात चालता येत असतं तं माहं पोरगं असतं!" वहिनी पदर तोंडात घालून आत गेल्या. माय माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमीच आना. तुमाले त्याचं पाऊल ठाऊक हाये."

मी शाळेत पोरांना सांगतो की मेल्यावर असली वाट वगैरे काही नसते. दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं बुलढाण्याला शिवरामच्या दुकानात होतो. त्याला बातमी कळली होती. तो म्हणाला, "डावा फाकवलेलाच कराचा ना?" मी म्हणालो हो. तळ कसला, विचारलं. मी म्हणालो, चालायचा. पत्री नको, खाच नको. मोटारीच्या टायरचा तळ टाक, काटा शिरता कामा नये. वर घोट्याच्याही वर येऊ दे, अगदी वरपर्यंत. आत मऊ ठेव. नाडी नको, पटकन चढवता आले पाहिजेत. तो म्हणाला, दानाला इतके भारी कोण देतं, ब्राह्मणाच्या पायाचं माप तरी आणा. मी म्हणालो, माप त्याचंच, जो चालणार आहे त्याचं. "लंबं चालाचं हाये का?" त्यानं सवयीनं विचारलं, आणि मग आरी हातात धरून तसाच बसून राहिला. आपण तिघं त्या दुकानात किती भांडलो होतो. त्या दिवशी मी सांगेन ते तो मुकाट्यानं करत होता.

तेरवीला दान घ्यायला बुलढाण्याहून भटजी महाराज आले. म्हातारे, बारीक चणीचे, पावलं पोरासारखी. मायनं स्वतः जोडे उचलून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी हात लावला, मंत्र म्हटले, सगळं झालं. आणि निघताना त्यांनी ते जोडे पिशवीत घातले. मी विचारलं, घालत नाही का. ते सहज म्हणाले, "नवे हायेत. आता वाटनं चिखल हाये, खराब होतीन. घरी गेल्यावर घालीन."

माय मटकन खाली बसली. मला काय झालं ठाऊक नाही. भरल्या घरात, पाहुण्यांदेखत, त्या म्हाताऱ्या माणसावर मी ओरडलो. "काढा बाहेर! पायात घाला! आत्ताच्या आत्ता घाला!" लोकांनी मला धरलं. तुझा भाऊ मध्ये पडला. महाराज घाबरले असतील, पण त्यांनी मायकडे पाहिलं आणि पिशवीतून जोडे काढले. ते मोठे होत होते. वहिनी आतून तुझ्या जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन आल्या, स्वतः खाली बसल्या आणि त्यांच्या बोटांपुढे जोड्यात कोंबल्या. मग मी महाराजांची पिशवी उचलली आणि त्यांच्या मागून स्टँडपर्यंत चालत गेलो. ते डबकं चुकवायला लागले की मी म्हणायचो, महाराज, असू द्या, जाऊ द्या त्यातून. आणि ते बिचारे जात होते.

एस.टी. आली. ते चढले, खिडकीशी बसले. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. परत आलो तर माय उंबऱ्यातच होती.

"घातले?"

"घातले माय. गाडीत बसले तरी पायातच होते."

"चिखलातून गेले?"

"चिखलातूनच गेले."

माय उठली, हात धुतले आणि पानावर बसली. वहिनींनी वाढलं. माय जेवत होती आणि सगळं घर भिंतीला टेकून तिला जेवताना बघत होतं.

स्टँडपर्यंत मी पाहिलं, नामा. त्याच्या पुढे मला जाता येत नाही. पुढे तू एकटा आहेस आणि तुझी खोड मला माहीत आहे. वाट ओली दिसली की तू खाली वाकशील. वाकू नकोस. काढू नकोस रे. भरू देत चिखलानं, फाटू देत, टायर झिजून तळ उघडा पडू दे. मी दुसरे करून आणीन, त्याच मापाचे. तू फक्त पायातून काढू नकोस.